आखाजी झाली की बसतो

कापूस वेचून झाला की बसतो. बारावीचे पेपर तपासून झाले की बसतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, लग्नं आटोपली की, कानबाईचे रोट झाले की बसतो. धुळ्यात मराठी शिकवताना आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. सांगणारा मनापासून सांगत असतो. आखाजी झाल्यावर आपण खरंच लिहायला बसणार, असं त्याला त्या क्षणी वाटत असतं. आखाजी होते, मे महिन्याचं ऊन कमी होतं, पेरणी येते आणि प्रबंधाचं पहिलं पान कोरंच राहतं.

अशा माणसांना लोक आळशी म्हणतात. मला ते मान्य नाही, आणि हे सांगण्यासाठीच मी लिहायला घेतलं आहे.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून संशोधन करणारे. कोणी साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, कोणी चोपड्याला कनिष्ठ महाविद्यालयात, कोणी तासिका तत्त्वावर दोन गावांत शिकवणारं. जवळपास सगळ्यांच्या घरी शेती. थ्री-फेजची पाळी रात्रीची असली की ही माणसं मध्यरात्रीनंतर उठून, हातात बॅटरी घेऊन विहिरीवर जातात, मोटार चालू करतात, गव्हाला नाहीतर केळीला पाणी देतात आणि सकाळी शाळेत परिपाठाला उभी असतात. पाणी भरायला जाण्याआधी कोणी मन लागण्याची वाट पाहत नाही. शेतात पुढचं काम डोळ्यांसमोर असतं. एक वाफा भरला की पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं, बस. प्रबंधात असा वाफा कोणी आखून दिलेला नसतो. चारशे पानांचं अखंड रान समोर दिसतं आणि पहिलं पाणी कुठे सोडायचं तेच कळत नाही.

विद्यापीठाच्या चौकटीने हे सुटत नाही. जळगावचं आमचं विद्यापीठ १९९० साली सुरू झालं, २०१८मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. नोंदणी, कोर्सवर्क, आराखड्याला मंजुरी, मग ठरावीक काळाने प्रगती अहवाल, असा सगळा क्रम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे प्रबंधासाठी साधारण सहा वर्षांची मुदत मिळते. ‘सहा वर्षं’ हे शब्द ऐकले की मनुष्य निर्धास्त होतो. इतकी लांबची तारीख कोणाला उठवून बसवत नाही, आणि ती जवळ येते तेव्हा नुसती झोप उडवते.

या मधल्या काळात माणूस रिकामा बसत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तो जमवाजमव करतो. ग्रंथालयातून पुस्तकं आणतो, झेरॉक्स काढतो, बाइंडिंग करून घेतो. चर्चासत्रांना जातो, प्रमाणपत्रं फायलीला लावतो. गावोगाव फिरून बायकांची गाणी मोबाईलमध्ये भरून घेतो. मी विचारलं, ‘कुठवर आलं?’ की तो खरं तेच सांगतो, ‘मॅडम, अजून शिरपूरकडचं साहित्य यायचं आहे.’ ते आलं की शहाद्याकडचं यायचं असतं. जमवण्यात कष्ट आहेत, घाम आहे, खर्चही आहे, म्हणून ते काम वाटतं. ते काम आहेच. पण जमवण्यात कोणी आपल्याला चूक म्हणत नाही. लिहिलेल्या वाक्याला मात्र कोणीही चूक म्हणू शकतं. टाळाटाळीची इतकी आदरणीय जागा दुसरी नाही, आणि म्हणूनच ती ओळखू येत नाही.

फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलं की टाळाटाळ हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून भावनेचा आहे. समोरच्या कामाने मनात जे नकोसं उठतं त्यापासून तात्पुरती सुटका म्हणून माणूस ते पुढे ढकलतो. हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर माझ्याच खोलीतल्या खुर्चीत बसलेले चेहरे आले. घरातलं शिकणारं पहिलंच माणूस. आई-वडिलांनी गावात सांगून ठेवलेलं, ‘पोरगं डॉक्टर व्हई राह्यनं.’ घरी अहिराणी, वर्गात मराठी, आणि प्रबंधात या दोन्हींहून वेगळी, जड, अंगाला न बसणारी भाषा. पहिलं वाक्य ‘प्रस्तुत संशोधनाचा उद्देश’ असंच सुरू झालं पाहिजे, असं कोणीतरी मनावर ठसवलेलं. मग लोकसाहित्याची व्याख्या. मग दुसऱ्या अभ्यासकाची व्याख्या. तिथे पेन थांबतं, कारण त्या वाक्यांत लिहिणाऱ्याचं स्वतःचं काहीच नसतं.

साक्रीकडचा एक शिक्षक असाच अडकला होता. विषय आमच्याकडच्या कानबाई या देवीच्या गाण्यांचा. फोन केला की, ‘करसू ना मॅडम, काय घाई शे?’ एकदा परीक्षेच्या कामासाठी धुळ्यात आला होता, चहा घेता घेता मी सहज विचारलं, तुमच्याकडे कानबाई बसते कशी? आणि तो बोलायला लागला. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार. भिंत सारवून केलेली जागा. नारळाला डोळे, नथ, मळवट. घरातल्या पुरुषांची नावं घेत प्रत्येकाची सव्वा मूठ धान्य मोजायचं, त्यात पाळण्यातला मुलगाही धरायचा. रोट भाऊबंदांनीच खायचे. रात्रभर गाणी. कोणतं गाणं स्थापनेचं, कोणतं सकाळी निरोपाला निघतानाचं. त्याची आजी कोणत्या ओळीला थांबायची, चुलती कोणती ओळ आपल्या माहेरची घुसवायची. तो किती वेळ बोलत होता, त्याचं त्याला भान नव्हतं.

मी म्हटलं, हे लिहा. तो म्हणाला, ‘हे काय लिहायचं मॅडम, हे तर सगळ्यांना माहीत आहे.’

सगळ्यांना म्हणजे कोणाला? तापीच्या खोऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कानबाई म्हणजे काय ते सांगावं लागतं. आणि खोऱ्यातही त्याच्या मुलांना त्या गाण्यांतल्या किती ओळी येतात, हे मी त्याला विचारलं. तो गप्प झाला. मी त्याला एवढंच सांगितलं की आज घरी गेल्यावर मला आत्ता जे सांगितलं तेच मोबाईलला सांगा आणि मग ऐकत ऐकत कागदावर उतरवा. प्रकरण, तळटीप, व्याख्या यांचा विचारही करू नका. प्रस्तावना तर शेवटीच लिहायची असते. त्याने ते केलं. पुढे त्याच्या तिसऱ्या प्रकरणाचा गाभा त्या उतरवलेल्या मजकुरातून उभा राहिला.

यातून मला जे उमगलं ते सांगते. माणसाला सुरुवात करण्याचं बळ आतून येतं असं आपण धरून चालतो आणि आत शोधत बसतो. माझ्या पाहण्यात ते बहुतेक वेळा समोरून येतं. समोर कोणीतरी ऐकायला बसलेलं असलं, त्याला खरंच ऐकायचं असलं, आणि बसायची वेळ ठरलेली असली, की माणूस सुरू होतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण धुळ्यातच घडलं. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. वय छत्तीस. सोबत जमनालाल बजाज, गुलझारीलाल नंदा, अण्णासाहेब दास्ताने आणि साने गुरुजी. सोबत्यांना गीता समजून घ्यायची होती. रविवार ठरला. २१ फेब्रुवारीला पहिल्या अध्यायावर बोलणं झालं आणि १९ जूनला अठराव्यावर. मधला एकही रविवार सुटला नाही. अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजी समोर बसून भराभर लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं तयार झालं, आणि पुढे भारतातल्या कितीतरी भाषांत गेलं. विनोबांनी गीतेवर ग्रंथ लिहायचा म्हणून टेबल मांडलेलं नव्हतं. ऐकणारे होते, रविवार होता आणि लिहून घेणारा होता.

या प्रसंगात आपण बोलणाऱ्याकडे पाहतो. मला लिहून घेणाऱ्याबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. दुसऱ्याचं बोलणं आठवड्यामागून आठवडा कागदावर उतरवत राहण्याने हाताला जी सवय होते, तिची किंमत लिहिणाऱ्यालाच कळते. त्याच गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी सुरुवात, आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे शेवट. मराठी घराघरांत गेलेलं पुस्तक पाच दिवसांत. आमच्याकडे प्रेरणेवर भाषणं देणारे ही हकिकत नेहमी सांगतात: भावना उचंबळून आली आणि पुस्तक झालं. हे ऐकून विद्यार्थी घरी जातात आणि आपली भावना कधी उचंबळून येते त्याची वाट पाहत बसतात. या हकिकतीने आमच्या मुलांचं नुकसान केलं आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

कारण या पाच दिवसांच्या मागे अमळनेर आहे. गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. मधल्या काळात छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि तिथे ते मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. दैनिक, म्हणजे रोज. छापखाना नाही, पगार नाही, नाव होण्याचा प्रश्न नाही. सकाळी मुलं येऊन वाचणार, म्हणून आधी लिहून ठेवायचं. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. वर्षानुवर्षं ओळखीच्या मुलांसाठी, ठरलेल्या वेळेला, आहे त्या मनःस्थितीत लिहिलेला हात नाशिकच्या कोठडीत पाच दिवस चालला. आणि ‘श्यामची आई’ची रचना आठवून पाहा. तिच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. पुस्तकाच्या आतदेखील गुरुजींनी आधी ऐकणारे बसवले आणि मग सांगायला घेतलं.

धुळे-अमळनेरच्या मुलांना मी हे दैनिक सांगते. पाच दिवस मागाहून सांगते.

मग विभागात शनिवारी दुपारी आमची बैठक सुरू झाली. नियम एकच: लिहिलेलं वाचून दाखवायचं. अर्धं पान असलं तरी चालेल. काय वाचलं, काय जमवलं, पुढे काय करणार, यावर बोलायचं नाही. सुरुवातीला लोक अवघडून बसत. चोपड्याहून येणाऱ्याला प्रवासातच दिवस जाई, तरी तो येई. कधी फोन लावून पलीकडून वाचे. शुक्रवारी रात्री घाईघाईने लिहिलेलं पान असे, ते चांगलं नसे, पण असे. आणि ऐकणाऱ्यांतलं कोणीतरी म्हणे, ‘आमच्याकडे हे गाणं वेगळं आहे,’ की वाचणारा घरी जाऊन आणखी एक पान लिही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली दाखवून दिलं होतं की ‘मी हे करीन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झालं की मी हे करीन’ असं ठरवलेलं काम होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ‘आखाजी झाली की बसतो’ हे वाक्य वरवर तसंच दिसतं. फरक इतकाच की त्यात कुठे बसणार, काय घेऊन बसणार आणि कोणाला दाखवणार, यातलं काही नाही.

थांबणं म्हणजे नेहमी टाळाटाळ, असं मात्र मी मानत नाही. विनोबांचीच गोष्ट पाहा. त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, संस्कृत येत नव्हतं. मुलाने मराठीतलं भाषांतर आणून दिलं, तेही तिला अवघड गेलं. तेव्हा ती म्हणाली, मग तूच का करत नाहीस? आई १९१८ साली गेली. ‘गीताई’ लिहायला विनोबांनी घेतली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि चार महिन्यांत, ६ फेब्रुवारी १९३१ला पुरी केली. ती पहिल्यांदा छापली गेली १९३२ साली, धुळ्यातच, विनोबा इथल्या तुरुंगात असताना. मधल्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी गीता सोडलेली नव्हती. ती जगण्यात, शिकवण्यात, चिंतनात चालू होती. अशा थांबण्याला मी हात लावत नाही. एखादी विद्यार्थिनी लिहीत नसेल, पण तिच्या प्रश्नांत दर भेटीत फरक पडत असेल, तर मी तिला घाई करत नाही. प्रश्न तोच, उत्तर तेच आणि फायली तेवढ्या जाड होत असतील, तर मग वेळ घालवण्यात अर्थ नसतो. तरीही, विनोबांच्या ज्या आईने ‘गीताई’ मागितली तिला ती वाचता आली नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

आणि जमवणाऱ्यांसाठी इतिहासाचार्य राजवाडे आहेत. त्यांच्याइतकं कोणी जमवलं नसेल. गावोगाव पायी फिरून दप्तरं गोळा करणारा हा माणूस अखेरच्या दिवसांत धुळ्याला होता आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं, तिथे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला घेऊन जाते. पण ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८मध्येच छापला. पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं मिळाली, ती लावली, लांबलचक प्रस्तावना लिहिली आणि दिली बाहेर. सगळ्या महाराष्ट्राची दप्तरं हाती येईपर्यंत ते थांबले असते तर बावीस खंडांतला एकही निघाला नसता. धातुकोशाचं काम मात्र त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही, कृ. पां. कुलकर्णी यांनी ते संपादून १९३७ साली आणलं. राजवाड्यांच्या मागे ते सोडवणारा कुलकर्णींसारखा पंडित होता. आपल्या मागे आपल्या मोबाईलमधली रेकॉर्डिंग कोण सोडवणार, असं मी विद्यार्थ्यांना विचारते. टोचावं म्हणूनच विचारते.

कारण आमच्या विषयात उशिराची किंमत दुसरंच कोणीतरी देतं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना त्या रचत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी कानावर पडेल ते वेळेवर उतरवून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. जे कोणी उतरवलं नाही ते गेलं. पारोळ्याकडच्या एका विद्यार्थ्याने आखाजीच्या झोक्यावरची गाणी सांगणारी एक म्हातारी हेरून ठेवली होती. तिला गौराईची अशी गाणी येत जी आसपास कोणाला येत नव्हती. तो म्हणत राहिला, निवडणुकीची ड्युटी संपली की जातो. तो गेला तेव्हा घरात दहाव्याची तयारी चालली होती. त्याने मला फोनवर हे सांगितलं, तेव्हा मला बोलता आलं नाही. त्या बाईचं नाव आता त्याच्या प्रबंधात फक्त ‘जिची गाणी मिळाली नाहीत’ अशा यादीत आहे. ती यादी ठेवायला मीच सांगितलं. तिच्याशेजारच्या गावातली दुसरी बाई त्याने त्याच आठवड्यात गाठली.

मला कोणी विचारतं, मॅडम, प्रेरणा कुठून आणायची? मी त्यांना विचारते, कोणाचं देणं आहे तुमच्यावर? बहुतेकांना लगेच एक नाव आठवतं. एखादी आजी, गाणं सांगताना मध्येच रडलेली एखादी विधवा, ‘लिखी ल्या रे भाऊ, मना नंतर कोन म्हनी’ असं म्हणालेली एखादी बाई. मग मी सांगते, पहिलं पान तिच्यावर लिहा. तिचं गाव, तिचं घर, ती कुठे बसून गायली, ऊन होतं की पाऊस, कोण मध्ये बोललं. लोकसाहित्याची व्याख्या त्या पानात कुठेही येत नाही आणि पान पूर्ण होतं. एकदा पान झालं की दुसऱ्या दिवशी त्यात खोडायला तरी बसावंसं वाटतं.

सध्या शिरपूर तालुक्यातली एक शिक्षिका आखाजीच्या गाण्यांवर चौथं प्रकरण लिहिते आहे. एकच गाणं पारोळ्याला, शिरपूरला आणि यावलला कसं बदलतं, ते ती ओळीओळीने मांडते आहे. सल्लागार समितीत तिला विचारलं गेलं की इतक्या कमी गाण्यांवर प्रकरण कसं उभं राहील. त्याचं उत्तर ती लिहून काढते आहे, आणि मला वाटतं तिचं म्हणणं बरोबर आहे. पुढच्या शनिवारी तिचं वाचन आहे. जिच्याकडून गाणं घेतलं त्या आजींना ऐकायला आणायचं ठरलं आहे, त्यांचा नातू मोटरसायकलवर घेऊन येणार आहे. यावलच्या पाठातली दोन कडवी त्यांना पटणार नाहीत अशी तिची खात्री आहे, म्हणून तिने त्या पानावर डावीकडे रुंद समास सोडून ठेवला आहे.